ती पैठणी कुठे नेसायची होती?

«ताई, मी वसईचा कॅथलिक, बायको हिंदू, तिचं माहेर नौपाड्यात. लग्नाला सहा वर्षं झाली, आम्ही कासारवडवलीला राहतो. नाताळची सुट्टी दरवर्षी वसईला आईबाबांकडे काढतो. यंदा बायको म्हणते, तुम्ही जा, मी ठाण्यातच थांबते. आई खूप दुखावली आहे. आमच्याकडे तिच्यावर धर्माची कसलीही जबरदस्ती नाही. २४ तारखेला रात्री आई, भाऊ, वहिनी आणि मी चर्चमध्ये मिस्साला, नाताळच्या प्रार्थनेला जातो, ती घरी बाबांजवळ थांबते, तिला कुणी काही म्हणत नाही. तिच्या माहेरी गणपतीत मीही आरतीला असतो, सासरे माझ्याच हातात झांजा देतात. आईबरोबर ती करंज्या करते, कुलकुलं वळते, पण पहिला उत्साह राहिला नाही. पहिल्या वर्षी पैठणी घेऊन आली होती, आता बॅगेत दोन सुती ड्रेस टाकते. तिला कसं समजावू?»

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पैठणीपाशी थांबले. तुम्ही ती बायकोचा उत्साह आटल्याचा पुरावा म्हणून लिहिलीत. मला सांगा, ती पैठणी तिने कुठे नेसायला आणली होती?

काट्याच्या पाठीवर कुलकुलं वळायला कुणी पैठणी नेसत नाही. ती २४च्या रात्रीसाठी होती. नवी सून, सासरचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, अख्खं गाव नवे कपडे घालून चर्चला निघालेलं. तुम्ही चौघं तयार होऊन बाहेर पडलात आणि ती दार लावून आत आली. पैठणी घडी न मोडता घोडबंदर रोडने परत आली. दुसऱ्या वर्षी तिने ती कपाटातच ठेवली. यात उत्साह कुठे गेला ते तुम्हाला सहा वर्षांत कळलं नाही, याचा मला खरंच राग आला.

बाबांजवळ कुणीतरी हवंच, मान्य. पण सहाही वर्षं तीच कशी? एकदाही भाऊ नाही, वहिनी नाही, तुम्ही नाही? घरात कुणी थांबायचं हे कुणी बसून ठरवलं नसेल, पण ते ठरलेलं होतं. आणि «जबरदस्ती नाही» असं तुम्ही वर अभिमानाने लिहिता! जबरदस्ती नको हे बरोबरच आहे, पण तिला कुणी चल म्हणालं का? आपल्याकडे पाहुण्याने पानात हात आडवा धरला तरी एक पुरी वाढतातच. तुमच्या आई तिला करंजीचा आग्रह करत असतील. चर्चला चल, असा आग्रह तिला कुणी केला?

तुमच्या सासऱ्यांकडे बघा. गणपतीवर तुमची श्रद्धा आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. सरळ झांजा हातात ठेवल्या. नको असत्या तर बाजूला ठेवायची मोकळीक तुम्हाला होतीच. त्या घरात तुम्ही जावई झालात ते त्या झांजांमुळे. तिला तुमच्या घरी तसं काय मिळालं? स्वयंपाकघर.

आई दुखावल्या आहेत म्हणता. असतील. आज त्यांच्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

यंदा २४च्या रात्री बाबांजवळ तुम्ही थांबा. मिस्सा चुकेल ही सबब नको. २५ला सकाळी चर्चमध्ये मिस्सा असतोच, तेव्हा तुम्ही जा. रात्री बायकोला आई आणि वहिनींबरोबर पाठवा. मागच्या बाकावर नाही, दोघींच्या मधोमध बसू दे. तिला काही कळणार नाही असंही मनात आणू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकापासून, लॅटिन मागे पडून लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागले आणि तुमच्या वसईत तर ते मराठीत असतात. नौपाड्याच्या मुलीला शब्द न् शब्द समजेल.

मीही ख्रिश्चन नाही. एका नाताळला मैत्रीण मला तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेली होती. कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाची पवित्र भाकर घ्यायच्या वेळी आख्खी रांग उठून पुढे गेली आणि बाकावर मी एकटी उरले, चार जणींच्या पर्सेस सांभाळत. अवघडले नाही, कारण मैत्रिणीने निघतानाच सांगून ठेवलं होतं की कम्युनियन फक्त कॅथलिकांनी घ्यायचं असतं, तू निवांत बस. त्याआधी एकमेकांना शांती द्यायची असते, तेव्हा पुढच्या बाकावरच्या आजी मागे वळल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. त्या मला ओळखत नव्हत्या. ते जोडलेले हात माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. तुमच्या बायकोसाठीही वसईतलं कुणीतरी असं मागे वळेल. सहा वर्षं त्या माणसांसाठी ती फक्त घरी थांबलेली सून आहे. तेव्हा कम्युनियनचं तिला आधी सांगा, आणि उघड्यावर मिस्सा असेल तर शाल द्या, डिसेंबरच्या रात्री वसईला गारठा असतो.

आज संध्याकाळीच बोला. समजावू नका, माफी मागा आणि चल म्हणा. पहिल्या झटक्यात ती हो म्हणणार नाही. म्हणेल, बाबांचं कोण बघणार? तेव्हा वही-पेन घेऊन तिच्यासमोर बसा आणि बाबांच्या औषधांच्या वेळा लिहून घ्या. रात्रीची गोळी कुठली, जेवणाआधी की नंतर, पाणी कोमट लागतं की साधं, उशी कुठल्या कुशीला लावायची. तिला सगळं तोंडपाठ असेल.