परसातल्या कोंबड्या आणि घरातलं मूल

प्रश्न : आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात. आठ गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. नातू दीड वर्षाचा, नुकताच चालायला लागलाय. परवा अंगणातली शीट उचलून त्यानं तोंडात घातली. कोंबड्या देऊन टाकू का?

उत्तर : देऊन टाकायची गरज नाही, पण अंगण वाटून घ्यावं लागेल. लोक चोचीला भितात. खरा धोका शिटेचा. ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्या पोटातही साल्मोनेला हा जंतू असू शकतो. तो पिसांना, पायांना, अंड्याच्या कवचाला आणि तिथून मुलाच्या हाताला लागतो. पाच वर्षांखालच्या मुलांना याचा त्रास जास्त होतो.

शीट तोंडात गेलीच, तर ओल्या फडक्यानं तोंड पुसा, हात साबणानं धुवा. उलटी काढू नका. लक्षणं बहुधा सहा तास ते सहा दिवसांत दिसतात : ताप, पोटात कळा, जुलाब. जुलाब लागले तर एक लिटरचं ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून थोडं थोडं पाजा. शौचात रक्त, जास्त ताप, लघवी कमी किंवा मूल मलूल, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर. घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका.

आता वाटणी. समोरचं अंगण मुलाचं, मागचं परस कोंबड्यांचं. आठ कोंबड्यांना जाळी घालण्यापेक्षा एका मुलाला अडवणं स्वस्त पडतं, म्हणून मागच्या दाराला कमरेएवढं फाटक आधी बसवा. गावठी कोंबडी चार फुटांची जाळी सहज उडून येते. तिच्या एकाच पंखाची टोकाची लांब पिसं कापली की तोल जातो आणि ती उडत नाही. पिसं गळून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. कोंबड्या बहुतेक अंडी दुपारपर्यंत घालतात. तोवर त्यांना खुराड्याच्या आवारात ठेवा आणि चारच्या सुमारास सोडा. अंधार पडायच्या आत त्या आपणहून परततात. अंडीही झुडपांत शोधावी लागत नाहीत, हा वरचा फायदा.

खुराड्याच्या वहाणा वेगळ्या ठेवा आणि त्या घरात आणू नका. घराघरांत इथंच चूक होते : मूल परसात जात नाही, पण आजोबांच्या वहाणांबरोबर शीट सोप्यावर येते. दाण्यापाण्याची भांडीही स्वयंपाकघरातल्या मोरीत न धुता बाहेरच्या नळावर धुवा.

पावसाळ्यात खुराडं चिऱ्यांवर दोन फूट उंच हवं आणि आत तीन इंच तूस. ओलं झालेलं तूस त्याच दिवशी काढा. आत वाकल्यावर डोळे झोंबले तर समजा उशीर झाला. सुकी शीट झाडताना आधी पाणी शिंपडा, धूळ उडू देऊ नका. रात्री दाणे बाहेर ठेवले की उंदीर येतात, त्यांच्या मुतातून लेप्टो हा तापाचा आजार पसरतो आणि उंदरांमागून साप येतात. दाणे पत्र्याच्या डब्यात ठेवा, खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. षटकोनी जाळीतून उंदीर सहज शिरतो.

नातू तीनेक वर्षांचा झाला की करवंटीतून दाणे टाकू दे, मोठं माणूस शेजारी असताना. पिल्लं हातात देणं आणि त्यांचे मुके घेणं मात्र पाच वर्षांपर्यंत नको. दाणे टाकून झाले की हात साबणानं, वीस आकडे मोजून धुवायचे.

प्रश्न : कोंबड्यांच्या तुऱ्यावर काळ्या खपल्या आल्यात. मुलीला कांजिण्या होतील का? (डिचोली)

उत्तर : नाही. ती कोंबड्यांची देवी (फाउल पॉक्स हा रोग). तिचा विषाणू माणसाला लागत नाही. कांजिण्या माणसाकडूनच माणसाला होतात. ही देवी डासांमुळे पसरते, म्हणून पावसाळ्यात जास्त दिसते. आजारी कोंबडी वेगळी करा. निरोगी पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयात लस देता येते, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

प्रश्न : कोंबडा चार वर्षांच्या मुलीच्या अंगावर धावतो. काय करावं? (पेडणे)

उत्तर : मूल बुटकं असतं आणि पळतं, त्यामुळे कोंबडा त्याला सहज दबवतो, त्याचा घाव डोळ्यापर्यंत पोचू शकतो. कोंबडा मोकळा असताना मुलीला परसात सोडू नका. पायाच्या काट्याचं टोक कानशीनं बोथट करता येतं, पण मुळाशी कापू नका, आत हाड असतं. त्याला काठीनं मारल्यास तो अधिकच चिडतो. जखम झाली तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि लसीकरणाच्या कार्डावर दीड-दोन वर्षांचा डीपीटी बूस्टर (यातच धनुर्वाताची लस असते) झालाय ना ते पाहा. डोळ्याजवळ लागलं तर न थांबता डॉक्टर गाठा. कोंबड्यापासून रेबीज होत नाही.

आणि अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, तो फक्त पिल्लांसाठी. पुन्हा धावला तर रविवारची शागुती करा.