आर्मी कमांडर एखाद्या युनिटला भेट देतात तेव्हा नेमकं काय होतं? रंगरंगोटी आणि सॅल्यूट, एवढंच का?

मराठा लाइट इन्फंट्रीत 26 वर्षं काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. चुना-गेरू होतो, हे खरं. आठवडाभर आधीपासून रस्त्याकडेचा दगडन्‌दगड रंगतो. पण तेवढ्यावरून भेटीला दिखावा म्हणू नका.

आर्मी कमांडर म्हणजे लष्कराच्या एका कमांडचा, म्हणजे मोठ्या विभागाचा, प्रमुख; हुद्दा लेफ्टनंट जनरल. देशात अशा सात कमांड आहेत. पुण्याची सदर्न कमांड 1895 सालची, आणि तिचा पसारा थेट राजस्थानच्या सीमेपर्यंत. आम्ही तेव्हा जैसलमेरकडे होतो. साहेब हेलिकॉप्टरने उतरले, क्वार्टर गार्डची, म्हणजे युनिटच्या पहाऱ्याच्या तुकडीची, सलामी झाली, आणि सरळ सॅण्ड मॉडेलपाशी आले. वाळूत रंगीत भुकटीने उठवलेल्या टेकड्या, सुतळीची सीमा, चिठ्ठ्या लावलेल्या काड्या. आमच्या सीओ साहेबांनी, म्हणजे युनिटच्या प्रमुखांनी, योजना सांगितली: अमुक कंपनी रात्री दोन तासांत तिथे पोहोचेल. आर्मी कमांडर साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मागे उभ्या असलेल्या आमच्या सीनियर जेसीओंना (जवानांतून बढती मिळालेले कनिष्ठ अधिकारी) विचारलं, ''साब, आप बताओ, कितना टाइम लगेगा?''

जेसीओ साब क्षणभर थांबले. मग म्हणाले, ''तीन घंटे, सर. रेत नरम है, गाडी धसती है.''

सीओंनी तिथल्या तिथे मान्य केलं आणि त्याच संध्याकाळी वेळ बदलली. माझ्या मते भेटीचा खरा उपयोग हा. वरच्या माणसाने नकाशा बाजूला ठेवून वाळू तुडवणाऱ्याला विचारायचं, आणि मधल्या अधिकाऱ्याने ते मनाला लावून घ्यायचं नाही. असे सीओ मिळायला नशीब लागतं.

नंतर सैनिक संमेलन झालं, म्हणजे सगळे जवान एकत्र बसून साहेबांपुढे अडचणी मांडतात ते. ''किसी का कोई पॉइंट?'' असं विचारलं की बहुतेक वेळा कोणी बोलत नाही. त्या दिवशी सांगलीकडचा एक पोरगा उठला. तेव्हा मोबाइल नव्हते. आठशे माणसांना घरी बोलायला एकच फोन, रांगेत नंबर लागेपर्यंत लाइट्स आउट, म्हणजे दिवे मालवायची वेळ, व्हायची. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, हे काही त्याने सांगितलं नाही. आम्हाला माहीत होतं. स्टाफ ऑफिसरने वहीत टिपून घेतलं. लिहिलेल्या पॉइंटचं काय झालं, ते युनिटला वर लेखी कळवावं लागतं, म्हणून तो विसरला जात नाही.

महिन्याभरात दोन फोन वाढले. पोराला मुलगी झाल्याचं त्यातल्याच एकावर कळलं.