इलेक्ट्रिक बसमध्ये किती भार आहे हे दरवेळी काट्यावर न नेता कळतं का?

हो, एअर सस्पेन्शन असेल, म्हणजे बस स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर (बलूनवर) टेकलेली असेल, तर बलूनमधल्या हवेच्या दाबावरून कळतं. चाकं-ॲक्सलचं वजन बलूनवर येत नाही, म्हणून कापसाच्या जिनिंग मिलच्या धर्मकाट्यावर आधी रिकामी, मग पोती भरून प्रत्येक ॲक्सल वेगळा तोला आणि दोन्ही वेळचा दाब लिहून ठेवा. या दोन दाबांच्या मधल्या दाबाचं वजन त्याच प्रमाणात निघतं. रीडिंग सपाट जागी, बस उभी असताना काही सेकंदांच्या सरासरीनं घ्या. खड्ड्यातलं रीडिंग बिनकामाचं. बलूनऐवजी स्प्रिंगचे लोखंडी पाटे असतील तर मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि वेगवाढीवरून अंदाज बांधता येतो, पण चढ मोजायलाच हवा: ०.५ मीटर/सेकंद² वेगवाढीला १ टक्का चढ धरला नाही, तर वजन सुमारे २० टक्के जास्त येतं.