शंभर वर्षांची इमारत पुनर्विकासापासून वाचवण्यासाठी सामान्य नागरिकांनी काय करावे?

आपल्या गावठाणातील शंभर वर्षांची इमारत पाडून तेथे टॉवर उभा राहणार आहे आणि सह्यांची मोहीम व मानवी साखळी यांच्या बळावर ती वाचेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वाचणार नाही. सह्यांमुळे बातमी छापून येते. इमारतीचे भवितव्य मात्र स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तांत्रिक तपासणीच्या, अहवालावर ठरते आणि मोहिमेतील बहुतेकांनी तो अहवाल उघडूनही पाहिलेला नसतो.

मी हे ठामपणे लिहितो, कारण माझी सारी नोकरी बांधकाम साहित्याची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत गेली आणि ठाण्यात तलावपाळीच्या मागच्या जुन्या वस्तीतील अशाच एका इमारतीच्या बचाव समितीत मी होतो. मालक आणि भाडेकरू यांच्यातील दावा अद्याप संपलेला नसल्यामुळे इमारतीचे नाव देत नाही. दगडी जोते, चुन्यातील विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर मंगलोरी कौले असे तिचे रूप होते. पागडीची भाडी इतकी नगण्य होती की मालकाने दुरुस्तीकडे पिढ्यानपिढ्या पाहिले नव्हते, आणि भाडेकरूंनी आपापल्या खर्चाने मागील भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापून घेतला होता. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवले की आतली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि भिंत आतून भुसभुशीत होऊ लागते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

एका पावसाळ्याच्या तोंडावर ती इमारत ‘सी-१’ वर्गात, म्हणजे अतिधोकादायक ठरली आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस दारावर चिकटली. सी-१ चा अर्थ रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाही दुरुस्ती चालेल. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. जुन्या इमारतीचे मरण सहसा पुनर्विकासाच्या प्रस्तावात लिहिलेले नसते, ते या पहिल्या अक्षरापुढच्या आकड्यात लिहिलेले असते. सी-१ चा शिक्का बसला की वारसा, इतिहास, सौंदर्य हे सारे मुद्दे गैरलागू होतात, कारण माणसांच्या जिवापुढे कोणताही अधिकारी कोरीव कमानीची बाजू घेणार नाही आणि घेऊही नये.

समितीचे नेतृत्व एका निवृत्त प्राध्यापकांकडे होते. वक्तृत्व उत्तम, माणूस प्रामाणिक. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यात आली, ज्या ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, त्या ठाण्याला स्वतःची स्मृती जपता येऊ नये का, असे ते प्रत्येक सभेत विचारत आणि टाळ्या घेत. ऑडिटचा अहवाल मागवून घ्यावा, असे मी सुचवले तेव्हा ते सर्वांसमोर म्हणाले, ‘हा भावनेचा प्रश्न आहे, चुन्याचा नाही.’ तेव्हापासून आमचे जे बिनसले ते आजवर.

अहवाल मी स्वतः माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळवला. त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, कार्बोनेशन आणि हाफ सेल पोटेन्शियल अशा चार चाचण्यांची कोष्टके होती. जाणकाराला पुढे सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो की या चाचण्या काँक्रीटच्या बांधकामासाठी असतात आणि त्यांतील हाफ सेल ही चाचणी काँक्रीटच्या आतील लोखंडी सळई गंजण्याची शक्यता तपासण्यासाठी असते. कोष्टकात ‘कॉलम सी-४’ असा उल्लेख होता (हा खांबाचा क्रमांक, धोक्याचा वर्ग नव्हे), त्यापुढे मिलिव्होल्टमध्ये आकडा होता आणि शेरा होता: ‘गंजाचे प्रमाण तीव्र’. नकाशा घेऊन मी जागेवर गेलो. सी-४ हा तळमजल्यावरील जिन्याजवळचा सागवानी खांब होता आणि त्याला एका भाडेकरूने कपडे वाळत घालण्याची दोरी बांधली होती. ज्या खांबात सळईच नाही, तिच्या गंजाचे मोजमाप झाले होते आणि त्या बळावर इमारत पाडायची होती.

अशा बांधणीत पाहायचे असते ते वेगळेच. तुळयांची जी टोके भिंतीत गेलेली असतात तिथे ओल धरते, वाळवी लागते आणि लाकूड कुजते; ती टोके टोचून, ठोकून, गरज पडल्यास भोक पाडून तपासावी लागतात. भिंत ओळंब्यात आहे का, जोते खचले आहे का, कौलांतून पाणी कुठे उतरते, हे पाहावे लागते. मी या मुद्द्यांची हरकत चाचणीनिहाय लिहून, छायाचित्रांसह, भाडेकरूंच्या सहीने दाखल केली. पुनर्तपासणीत पुढचा भाग सी-२ए ठरला. मागचा भाग खरोखरच वाचण्यासारखा नव्हता आणि तो उतरवला गेला.

भाडेकरूंच्या सहीने, हा शब्दप्रयोग मी मुद्दाम केला आहे. प्राध्यापक त्यांना ‘बिल्डरला फितूर झालेले’ म्हणत. घोडबंदर रोडवर लिफ्टच्या इमारतीत राहायचे आणि गळक्या छताखाली सामायिक शौचालय वापरणाऱ्या कुटुंबाला वारशाचे महत्त्व पटवून द्यायचे, हा उद्धटपणा आहे. त्यांना आधी हक्काच्या क्षेत्रफळाची लेखी नोंद आणि परतीची हमी हवी असते. ती मिळवून देणाऱ्यांच्या मागे ते उभे राहतात. मालकही जन्मतः खलनायक नसतो. वारसा यादीतील इमारतीच्या मालकाला न वापरलेले चटईक्षेत्र टीडीआरच्या, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, रूपाने विकण्याची तरतूद आहे आणि तो हिशेब त्याच्यापुढे मांडणे हे मोहिमेचेच काम आहे.

वारसा यादीविषयी थोडक्यात. मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावली आहे, त्यात तीन श्रेणी आहेत आणि तिसऱ्या श्रेणीचे संरक्षण बरेच सैल आहे. यादीत समावेशासाठी अर्ज अवश्य करा, परंतु प्रारूप, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी यांत जाणारा काळ सी-१ ची नोटीस देत नाही. यादीत असूनही ऑडिटचा वाद टळत नाहीच. काळा घोड्याजवळील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ रोजी भारतात पहिल्यांदा चित्रपट दाखवला गेला, ते पाडण्याची शिफारस २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालात झाली आणि वारसा संवर्धकांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले.

अहवाल खरा असेल, तुळया खरोखर कुजलेल्या असतील, तर रहिवाशांना पावसाळ्यापूर्वी बाहेर काढण्यास मोहिमेने आडकाठी करू नये, हेही नमूद करतो. माझे ज्ञान साहित्याच्या चाचणीपुरते आहे. दाव्यासाठी वकील आणि तपासणीसाठी दगड-चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेला अभियंता लागेलच. सह्या गोळा करू नका, असेही माझे म्हणणे नाही. त्या निवेदनाला जोडाव्यात, अधिकारी भेटीची वेळ लवकर देतात.

प्राध्यापक मात्र आजही व्याख्यानांत सांगतात की ती इमारत मानवी साखळीने वाचवली. पुनर्तपासणीचा आदेश दोन पानांचा आहे. त्यात साखळीचा उल्लेख नाही. सी-४ चा आहे.