मॉरिस मायनरचा एसयू (SU) कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप टिकटिक करत नाही, पावसाळ्यानंतर गाडी सुरू होत नाही. गाडी रत्नागिरीत आहे. काय तपासू?

नवा पंप घेण्याची घाई करू नका. खाऱ्या, दमट हवेत आधी अर्थ (पंपाच्या बॉडीचं गाडीच्या बॉडीशी असलेलं जोडकाम) आणि पॉइंट (पंपाच्या आतले विजेचे संपर्क-ठिपके) खराब होतात. इग्निशन चालू करून पंपाच्या टर्मिनलला वायर जोडलेली असतानाच व्होल्टेज मोजा. 12 व्होल्टच्या आसपास असेल तर पंपाच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत वेगळी वायर लावून बघा (मूळ वायरिंग पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं + टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं, हे विसरू नका). टिकटिक सुरू झाली तर अर्थची जागा घासून स्वच्छ करा. नाही झाली तर बॅटरीची वायर काढा, पंपाची टोपी उघडा आणि पॉइंटमधून बारीक पॉलिश पेपर, मग कोरा कागद फिरवा. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर बदलाच.

पंप चालला की कार्ब्युरेटरकडची नळी डब्यात सोडा. मिनिटाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल यायला हवं. भराभर टिकटिक पण पेट्रोल नाही, म्हणजे टाकी रिकामी किंवा टाकीकडच्या नळीत हवा शिरतेय. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर बिघडतं, म्हणून नळ्या आणि डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) जरूर बघा. हे काम उघड्यावरच करा, जवळ ठिणगी नको.