नोकरी आत्ताच सोडू नकोस

नोकरी सोडून पूर्णवेळ यूट्यूब करू का, असं तू विचारलंस, म्हणून तुझे तिन्ही व्हिडिओ पाहिले. चेहरा, बोलणं छान आहे, पण तलावपाळीवरच्या व्हिडिओत वारा आणि हॉर्नखाली तुझा आवाज बुडालाय. कॅमेरा राहू दे, आधी कॉलरचा माइक घे. चित्र थोडं धूसर असलं तर लोक चालवून घेतात, आवाज नीट नसेल तर लगेच पुढे जातात.

दुसरं म्हणजे विषय. ठाण्यातली मिसळ सगळ्यांनी दाखवून झालीय. तू वाशीची आहेस, तुझे काका तिथल्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात आहेत! हापूसच्या हंगामात पहाटे पेट्या कशा उतरतात, भाव कसा ठरतो, देवगडच्या नावाखाली दुसराच आंबा कसा ओळखायचा, हे तुझ्याशिवाय कोण इतकं आतून सांगेल? असे दहा व्हिडिओ कर, मग आकडे बघ.

पैशांचं स्पष्ट सांगते. यूट्यूबच्या जाहिरातींतून कमाईसाठी 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत लोकांनी मिळून 4,000 तास पाहणं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातींतले 55 टक्के आपल्याला मिळतात. पण मराठी चॅनेलला एवढ्यावर घर चालवणं कठीण. मी घाईने नोकरी सोडली आणि आठ महिने घरभाडं भावाने भरलं. ती वेळ तुझ्यावर येऊ नये, असं मनापासून वाटतं.

दुकानदाराने पैसे दिले तर व्हिडिओत तसं सांग. आणि गाणी फुकटच्या ऑडिओ लायब्ररीतलीच घे. पुढचा व्हिडिओ टाकायच्या आधी मला पाठव, आवाज ऐकून सांगते.