‘शाश्वत विकासात संशोधन’ म्हणजे नक्की कोणत्या विषयात?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. यावल तालुक्यात तुमची केळी आहे, लेक बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला पाण्याच्या शाश्वत वापरावर संशोधन करायचंय. भाऊबंद म्हणतात, असे मिश्र विषय घेतले तर पोरगी ना धड इकडची राहील ना तिकडची, त्यापेक्षा एम.एस्सी., बी.एड. करून मोकळी होऊ द्या. ही भीती खरी आहे का, असं तुम्ही विचारलंय.

अर्धी खरी आहे. प्राध्यापकाच्या जागेला पदव्युत्तर पदवी संबंधित किंवा संलग्न विषयातच लागते, नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही विषयवार असते. नुसती ‘शाश्वतता’ नावाची पदवी घेऊन रसायनशास्त्राच्या जागेला अर्ज केला, तर तो छाननीतच बाजूला पडू शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एम.एस्सी. रसायनशास्त्रात किंवा पर्यावरणशास्त्रातच करू द्या. जळगावच्या विद्यापीठात दोन्ही विषय आहेत. बाकीच्या शाखा तिने त्याच काळात जोडत जायच्या, आणि त्यासाठी तुमचं गाव पुरेसं आहे.

पहिली शाखा भूजलाची. गावातल्या दहा-बारा विहिरी निवडा. प्रत्येकीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, खालच्या मीटरभर भागाला खडू फासायचा. टेप वर घेतली की ओल्या खडूची रेघ पाण्याची पातळी नेमकी सांगते. कठड्याची उंची वजा करायला विसरू नये. घोळ होतो तो मोटरमुळे. शेतीची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. ‘रोज सकाळी आठला मोजायचं’ असं ठरवलं, तर रात्रपाळीच्या आठवड्यात रात्रभर उपसलेल्या विहिरीची पातळी मिळते आणि ती भूजलाची म्हणून वहीत चढते. मोटर कधी बंद झाली हा रकाना हवाच. बोअरला हात लावू नका, पाइप आणि केबलमध्ये टेप अडकते. पाण्यातलं नायट्रेट तपासणं हा तिच्या स्वतःच्या विषयाचा भाग. नमुने बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत तपासायचे, नाहीतर जिवाणूंमुळे आकडा बदलतो.

दुसरी शाखा नकाशांची. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा. मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीच्या) लागवडीच्या वेळी आभाळ भरलेलं असतं, आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) सुरुवातीचे काही महिने उपग्रहाला जवळजवळ मोकळी जमीनच दिसते. हे ठाऊक नसलेला संशोधक नकाशात केळीचं क्षेत्र कमी दाखवतो. तुमच्या लेकीला ते न शिकवता कळतं, हे तिचं भांडवल आहे.

तिसरी शाखा माणसांची, आणि विज्ञानाची मुलं इथेच सगळ्यात जास्त चुकतात. सातबाऱ्यावर नाव मालकाचं असतं. बटाईने दिलेल्या शेतात पाणी किती सोडायचं हे बटाईदार ठरवतो. यादी सातबाऱ्यावरून केली तर प्रश्न चुकीच्या माणसाला विचारले जातात. तीसेक घरांच्या मुलाखती घ्यायच्या असतील, तर आधी पाच घरांत प्रश्नावली चालवून बघायची आणि मगच छापायची.

एवढं काम हातात असलं की पुढची दारं उघडतात. तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात; त्यात आठ आठवडे मोठ्या प्रयोगशाळेत काम करता येतं. पीएच.डी.साठी आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारं सितारा केंद्र, बंगळुरूची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही नावं बघा. गेट या प्रवेश परीक्षेत २०२१पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे.

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. दोन विभागांचे दोन मार्गदर्शक असले, की प्रबंधाचा मसुदा कधीकधी दोघांच्या मधे लोंबकळत राहतो. मुख्य जबाबदारी कोणाची आणि पदवी कोणत्या विषयाच्या नावाने मिळणार, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली आणि ते आज कुठे आहेत, हे त्या विद्यार्थ्यांकडूनच समजून घ्या.

पैशांचं म्हणाल, तर नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता वेगळा. रसायनशास्त्राची नेट परीक्षा सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची), पर्यावरणशास्त्राची यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची). दोन्हींचं वेळापत्रक वर्षातून दोनदा असतं. महिलांना जेआरएफच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आहे. तेव्हा पहिल्या फेरीत नाही झालं म्हणून तिला लगेच बी.एड.चा फॉर्म भरायला लावू नका.